बी. एम. कोळेकर यांचं पुन्हा स्वागत

"हे तिसरं," डॉक्टर मगदूम म्हणाले आणि त्यांनी पिशवीवरून सोलून काढलेलं लेबल आधीच्या दोन लेबलांशेजारी टेबलावर ठेवलं. "लेबल म्हणतंय ओ पॉझिटिव्ह. पिशवीत रक्त निघालं बी. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा. आणि तुमची कंपनी म्हणते, आमच्या मशीनमध्ये काही दोष नाही."

कंपनी तसं म्हणत होती हे खरं होतं. त्या वेळी कंपनी म्हणजे मीच होतो, पुण्याहून सकाळच्या गाडीने आलेला, इस्त्रीचा शर्ट आणि लॅपटॉपची बॅग घेऊन बसलेला हृषीकेश लिमये, वय वर्षं सव्वीस. मी तिन्ही लेबलं हातात घेऊन बारकाईने पाहिली. त्यांत पाहण्यासारखं काही नव्हतं, पण तज्ज्ञ माणसाने काहीतरी हातात घेऊन बारकाईने पाहायचं असतं.

ही दोन हजार चार सालची गोष्ट. हॉस्पिटल सांगली जिल्ह्यातलं, एका धर्मादाय ट्रस्टचं. नाव सांगत नाही, कारण ट्रस्टी अजून हयात आहेत आणि त्यांच्यातल्या एकाला वाचनाचा नाद आहे अशी अफवा आहे. त्यांच्या रक्तपेढीत आमचं सॉफ्टवेअर बसवून सहा महिने झाले होते. रक्तदात्याची माहिती भरायची, तंत्रज्ञाने रक्तगट तपासून टाइप करायचा, की पिशवीवर लावायचं लेबल छापून बाहेर. त्यातला निम्मा कोड माझा होता. त्यातही एक भाग माझ्या खास अभिमानाचा. पूर्वी रक्त देऊन गेलेला माणूस पुन्हा आला की मशीन त्याला आपोआप ओळखायचं आणि पडद्यावर शुद्ध मराठीत अक्षरं यायची, 'पुन्हा स्वागत आहे'. त्याबद्दल कंपनीने मला 'वर्षातील सर्वोत्तम कल्पना' असं प्रमाणपत्र दिलं होतं. आईने ते शोकेसमध्ये लावलं होतं.

डॉक्टरांच्या खोलीत खुर्च्या चार होत्या, तरी सरगरबाई कपाटाजवळ उभ्या होत्या. आरोपीने उभं राहायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलं नसावं, त्या आपल्या आपणच उभ्या राहिल्या होत्या. इंदुमती सरगर, रक्तपेढीतल्या तंत्रज्ञ, नोकरी एकोणीस वर्षं. गंमत अशी की तिन्ही चुका पकडल्या होत्या बाईंनीच. रुग्णाला रक्त चढवण्याआधी पिशवीतलं रक्त आणि रुग्णाचं रक्त एकत्र करून पाहतात, त्याला क्रॉसमॅच म्हणतात. त्यात गुठळ्या दिसल्या, बाईंनी पिशवी बाजूला काढली आणि स्वतः जाऊन डॉक्टरांना सांगितलं. तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी प्रामाणिकपणाचं फळ मिळालं, म्हणजे चौकशी लागली.

"शनिवारी ट्रस्टींची बैठक आहे," डॉक्टर म्हणाले. "चूक बाईंची ठरली तर बाई घरी जातील. आणि लेबल चुकवलेल्या तंत्रज्ञाला पुढं कोणतीच रक्तपेढी दारात उभी करणार नाही. तेव्हा नीट बघा."

तो बुधवार होता.

बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, कसा शोधावा याचं शास्त्र आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. आधी तो आपल्या डोळ्यांसमोर पुन्हा घडवून आणायचा. मग प्रोग्रामचे दोन तुकडे करायचे, चूक कोणत्या तुकड्यात आहे ते पाहायचं, त्या तुकड्याचे पुन्हा दोन करायचे. आणि जी गोष्ट आपल्याला सगळ्यात खात्रीची वाटते तिच्यावर सगळ्यात आधी संशय घ्यायचा. प्रत्यक्षात आमच्या कंपनीत एकच पद्धत रूढ होती, ज्याने तक्रार केली त्याच्यावर संशय घ्यायचा. तिच्यात वेळ फार वाचतो. निघण्यापूर्वी आमच्या गुर्जर सरांनी मला हेच सुसंस्कृत भाषेत सांगितलं होतं की बग शोधायला जाऊ नकोस, बग नाही हे सिद्ध करून ये.

मी तरीही शास्त्राला धरून बसलो. रक्तपेढीतला कोपरा घेतला, लॅपटॉप उघडला आणि खोटे रक्तदाते तयार केले. खोट्या रक्तदात्यांना नावं कुठून आणायची, म्हणून आमच्या सोसायटीची यादी घेतली. गोखले, साठे, परांजपे, वरच्या मजल्यावरचे डिसोझा, सगळ्यांच्या जन्मतारखा मला वाढदिवसांच्या केकमुळे पाठ होत्या. त्या दिवशी आमच्या सोसायटीने माझ्या लॅपटॉपमध्ये इतकं रक्तदान केलं की प्रत्यक्षात निम्मं जरी केलं असतं तरी बिल्डिंग आडवी झाली असती. बी टाइप केलं की बी छापून येई, ओ केलं की ओ. एकदाही चूक नाही. आमच्या धंद्यात याला 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणतात, आणि ते वाक्य उच्चारलं की माणसाला जेवायला जायची मोकळीक मिळते.

बाई आपलं काम करत होत्या. काचेवर थेंब टाकायचा, औषध टाकायचं, हलवून पाहायचं, आलेला गट आधी हाताने रजिस्टरात लिहायचा आणि मग मशीनमध्ये. दुपारी त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. त्यांची मुलगी कम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, त्यामुळे माझ्याविषयी त्यांना अकारण आदर होता.

"साहेब, मी तिन्ही टायमाला बीच टाइप केलंय," त्या म्हणाल्या. "रजिस्टरात बगा की."

रजिस्टरात तिन्ही ठिकाणी बी होतं हे मी पाहिलं होतं. रजिस्टर मागाहूनही लिहिता येतं, असं मी म्हणालो. फार सौम्यपणे म्हणालो, याचंही मला समाधान वाटलं.

गुरुवारी मी हुकमाचं पान काढलं. आमचं मशीन प्रत्येक लेबल छापताना एक नोंद ठेवत असे, कोणी, किती वाजता, कोणता गट. त्याला लॉग म्हणतात. मी तिन्ही वेळांचा लॉग काढला. तिन्ही ठिकाणी लिहिलेलं होतं, आय. सरगर, ओ पॉझिटिव्ह. मी तो कागद डॉक्टरांपुढे ठेवला आणि म्हणालो की माणूस विसरतो, थकतो, त्याची नजर चुकते, पण लॉग कधी खोटं बोलत नाही. डॉक्टरांचा चेहरा उतरला. बाईंनी कागद वाचला, पुन्हा वाचला.

"हे कोण लिवतं?" त्यांनी विचारलं.

"मशीन लिहितं."

"आन् मशीनला काय लिवायचं ते कोण सांगतं?"

मी हसलो. असले प्रश्न अडाणी माणसं विचारतात असं तेव्हा मला वाटायचं. आज माझ्या हाताखाली चाळीस इंजिनिअर आहेत आणि त्यांच्यातल्या एकाने हा प्रश्न विचारावा म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बसलेलो असतो.

खरं तर गुरुवारीच मी अहवाल लिहून पुण्याला परतणार होतो. 'मानवी चूक' हे शीर्षकही टाइप झालं होतं. पण बाई डॉक्टरांकडे गेल्या आणि त्यांनी एकच मागणी केली. शुक्रवारी एका वाडीवर रक्तदान शिबिर होतं, कुण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं. साहेबांनी माझ्यासंगं यावं, समदं टायपिंग साहेबांनीच करावं, मी बटणाला हात लावणार न्हाई. मग चूक झाली तर कुणाची ते कळंल. डॉक्टरांना ते पटलं. मला पटण्याचा प्रश्न नव्हता, कारण डॉक्टरांनी अहवालावर सही करायची होती.

शिबिर शाळेत होतं. तळमजल्याच्या दोन वर्गांत खाटा टाकल्या होत्या, पुढाऱ्याचा बॅनर खिडक्या झाकून बसला होता आणि प्रत्यक्ष पुढारी त्या दिवशी मुंबईला होते. एरवी शिबिरात कागदी फॉर्म भरत आणि नंतर हॉस्पिटलात येऊन बाई ते मशीनमध्ये चढवत. या खेपेला मी रक्तपेढीच्या सगळ्या नोंदी लॅपटॉपवर उतरवून तो घेऊन दारातच बसलो आणि समोर येईल त्याचं नाव, जन्मतारीख विचारत थेट भरू लागलो.

पहिला गडी आला. जन्मतारीख विचारली तर म्हणाला, एक जून एकोणीसशे सत्तर. दुसरा आला, एक जून अडुसष्ट. तिसरा, एक जून सत्तर. चौथ्याने एक जून म्हटल्यावर मी मान वर केली. पाचव्याने तेच सांगितलं तेव्हा माझी खात्री झाली की शहरातून आलेल्या पोराची ही मंडळी ठरवून टर उडवतायत. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "खरी तारीख सांगा."

"खरीच हाय की. दाखल्यावर तीच हाय," तो गोंधळून म्हणाला.

त्याच्यामागे धोतर-टोपीतले एक म्हातारे उभे होते. ते शाळेचे निवृत्त हेडमास्तर. रक्त द्यायचं वय उलटलं होतं, पण शिबिर आपल्या शाळेत म्हणून व्यवस्था बघायला आले होते. ते पुढे आले आणि त्यांनी मला समजावून सांगितलं, तेही पहिलीतल्या पोराला सांगावं इतक्या धीराने. पूर्वी पोराला शाळेत घालायला आणत तेव्हा आईबापांना जन्मतारीख ठाऊक नसे. विचारलं तर म्हणत, गारपीट झाली त्या साली झाला, नाहीतर म्हैस व्याली तेव्हा. मग पोर सहा वर्षांचं दिसतंय एवढा अंदाज घ्यायचा आणि शाळा जूनमध्ये भरते म्हणून तारीख टाकायची एक जून.

"या वाडीतल्या दोन पिढ्या मीच एक जूनला जन्माला घातल्यात," गुरुजी म्हणाले. "एका वर्गातली समदी पोरं एकाच दिवशी जन्मलेली. आमच्याकडंच न्हाई, कुठल्याबी गावात जा."

मी सरगरबाईंकडे पाहिलं. त्या कापसाचे बोळे करत होत्या.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"म्हंजे काय? माझीबी एक जूनच हाय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं तुमास्नी ठावं असंल. समद्यांचीच असती."

तेवढ्यात पुढचा माणूस समोर येऊन बसला. बाळू म्हाळाप्पा कोळेकर, एक जून सत्तर. पिशवीचं लेबल अरुंद, म्हणून आमचं सॉफ्टवेअर नावाची आणि वडिलांच्या नावाची फक्त आद्याक्षरं ठेवत असे, पुण्यात दारावरच्या पाटीवर असतात तशी. मी टाइप केलं, बी. एम. कोळेकर, आणि तारीख. पडद्यावर माझं लाडकं वाक्य झळकलं, 'पुन्हा स्वागत आहे'.

मी विचारलं, याआधी रक्त कधी दिलं होतं. तो म्हणाला, "कवाच न्हाई साहेब, पयल्यांदाच. जरा भ्याच वाटालंय." आणि रांगेत मागे उभे असलेले त्याचे दोन वर्गमित्र हसले. त्यांतला एक बिरू मारुती कोळेकर होता, दुसरा बापू महादेव कोळेकर. जन्म अर्थातच एक जून सत्तर. तिसरा, भगवान मायाप्पा, बायको बाळंत झाली म्हणून आला नव्हता.

दुपारी हॉस्पिटलात बाळू कोळेकरच्या रक्ताचा थेंब बाईंनी काचेवर टाकला. बी निघाला. त्यांनी मला काच दाखवली आणि दोन पावलं मागे सरून हात पाठीमागे बांधले. मी बी टाइप केलं. लेबल बाहेर आलं, ओ पॉझिटिव्ह. मी पुन्हा केलं. पुन्हा ओ. लॉग उघडून पाहिला. त्यात मी बी टाइप केल्याची नोंदच नव्हती, ओ लिहिलेलं होतं. खोटं न बोलणारा माझा लॉग माझ्या तोंडावर खोटं बोलला होता.

मग मात्र मला सगळं दिसलं, आणि ते दिसायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मशीनने जुना रक्तदाता ओळखला की त्याचा जुना रक्तगट काढायचा, आणि तंत्रज्ञाने वेगळा टाइप केला असेल तर तो टायपिंगचा दोष समजून गुपचूप दुरुस्त करायचा. माणसाचा रक्तगट काही बदलत नाही, तंत्रज्ञ मात्र चुकतात. त्या दुरुस्तीच्या ओळी मी लिहिल्या होत्या. लॉगची नोंद दुरुस्तीनंतर करायची हेही मीच ठरवलं होतं, कारण लॉगमध्ये चुका दिसलेल्या बऱ्या नव्हेत. आणि नाव व जन्मतारीख जुळली म्हणजे माणूस तोच, असं मी धरून चाललो होतो, कारण आमच्या सोसायटीत तसंच होतं. आधीची तिन्ही लेबलं याच वाडीच्या शिबिरातली होती, तिन्ही कोळेकर होते, आणि मशीनच्या लेखी ते सगळे म्हणजे ओ गटाचा तोच पहिला कोळेकर. पहिल्याच दिवशी माझ्या हातात होती ती. मी पाहत होतो बाईंकडे.

एखाद्या वेळी क्रॉसमॅचमध्ये बाईंची नजर जरा ढळली असती तर, हा विचार मनात आला आणि मी तो घाईघाईने बाहेर काढला.

कॉलेजांतून मला व्याख्यानाला बोलावतात तेव्हा मी ही गोष्ट सांगतो आणि इथेच संपवतो. एक जूनला पोरं खो खो हसतात, लॉगला त्यांचे डोळे विस्फारतात, आणि वापरणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसा या तात्पर्याला टाळ्या पडतात. शनिवार मी कधी सांगितलेला नाही.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दुरुस्ती झाली होती. वडिलांचं पूर्ण नाव, गाव, आणि गट जुळला नाही तर मशीनने स्वतः काही न करता ठणाणा करायचा. गुर्जर सरांना फोन केला. त्यांनी शाबासकी दिली, मग म्हणाले की आणखी अकरा हॉस्पिटलांशी बोलणी चालू आहेत, तेव्हा 'आमची चूक' हे शब्द कुठे यायला नकोत. 'स्थानिक माहितीतील विसंगती' असं लिही. ते खोटं नव्हतं. मी तेच लिहिलं.

बैठकीला पाच ट्रस्टी होते. अध्यक्ष मधोमध, डॉक्टर मगदूम एका कडेला, मी दुसऱ्या. बाई दाराजवळ उभ्या होत्या. अध्यक्षांनी आधी त्यांनाच विचारलं की तुम्हाला काही सांगायचं आहे का.

"मला काय सांगायचं न्हाई," बाई म्हणाल्या. "काल साहेबांनी समदं आपल्या डोळ्यांनी बगितलंय. तेच सांगतील."

त्या माझ्याकडे बघत होत्या. त्या बघण्यात कसलीही शंका नव्हती, तेच मला अजून सहन होत नाही.

मी सात-आठ मिनिटं बोललो. उत्तम बोललो. विसंगती, जुळणी, सुधारित आवृत्ती असे शब्द होते. ट्रस्टींनी माना डोलावल्या. एक जूनची हकीकत ऐकून दोघांना स्वतःच्या जन्मतारखा आठवल्या आणि थोडा वेळ खोलीत मजेचं वातावरण झालं. मग अध्यक्ष म्हणाले, "हे समदं ब्येस झालं. पण चूक कुणाची?"

"सिस्टीमची," मी म्हणालो.

"म्हंजे कुणाची?"

उत्तर दोन अक्षरांचं होतं, 'माझी'. ते तोंडापर्यंत आलं होतं. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे पाहिलं आणि म्हणालो, "तशी कोणाचीच नाही. अर्थात, वापरणाऱ्यांनी हे पहिल्याच वेळी लक्षात आणून दिलं असतं, तर..."

वाक्य मी पुरं केलं नाही. पुरं करायची गरज पडली नाही. बाईंनी पहिल्या वेळी लक्षात आणून दिलं होतं, दुसऱ्या वेळी दिलं होतं, तिसऱ्या वेळी दिलं म्हणून तर ही बैठक भरली होती. डॉक्टर मगदूम समोरचे कागद नीट लावू लागले. त्यांनाही एक नोकरी होती.

निकाल फार उदार लागला. बाईंची नोकरी कायम. फक्त सिस्टीम काळजीपूर्वक न हाताळल्याबद्दल सक्त ताकीद, आणि ती नोंद बढतीच्या वेळी विचारात घेतली जाईल. सिस्टीमला ताकीद देता येत नाही, कागदावर कोणाचं तरी नाव लागतं. मेमो तिथल्या तिथे टाइप होऊन आला. बाईंनी तो उभ्या उभ्या वाचला आणि खाली सही केली. मुख्य तंत्रज्ञाची जागा तीन वर्षांनी रिकामी झाली, तेव्हा ती त्यांच्याहून अकरा वर्षांनी धाकट्या माणसाला मिळाली, हे मला पुढे दुसऱ्याच कामासाठी केलेल्या फोनवर कळलं.

"साक्षीदाराची सही राहिली," अध्यक्ष म्हणाले. "लिमयेसाहेब, तुम्ही करा. तुम्हाला समदं माहीत हाय."

ते सॉफ्टवेअर पुढे तेरा वर्षं चाललं. त्यातल्या हजारो ओळी माझ्या होत्या, पण एकीवरही माझं नाव नव्हतं. अहवालावर कंपनीचं नाव होतं. त्या सगळ्या प्रकरणात माझं नाव असलेला कागद हा एकच.

बाईंनी तो माझ्यापुढे सरकवला. पंख्याने उडत होता म्हणून कोपऱ्यावर बोट ठेवून धरला. मी सही केली, तारीख घातली.

"झालं का साहेब?" त्यांनी विचारलं. "मग जाते मी. कालच्या पिशव्या तपासायच्या राहिल्यात."